मामा, घरी कोण कोण असतं?

मी धायरीचा. आता धायरी म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं त्या बिल्डिंगा येत असतील, सिंहगड रोडवरनं आत वळलं की एकाला एक लागून उभ्या हायेत त्या, पण माझी धायरी ती न्हवं, माझी धायरी म्हणजे कांद्याची रोपं आन् गवारीचे वाफे आन् वरच्या अंगाला कॅनॉल. त्या कॅनॉलच्या पाण्याचा आवाज सारखा कानात, म्हणजे आवाज हाय हे आम्हाला कळायचंसुद्धा न्हाई, कधी दुरुस्तीला पाणी बंद केलं की मंग कळायचं, सगळं गाव बहिरं झाल्यासारखं वाटायचं. दुपारी आई खुरपायला बसली की मी बांधावर पडून राहायचो आन् त्या आवाजात मला माणसं बोलताना ऐकू यायची, खरंच सांगतो, काय बोलतात ते न्हाई कळायचं पण सूर कळायचा, हा रागावलाय, ही समजूत घालतीया, आन् मी त्यांच्या मधी माझं एक वाक्य टाकून द्यायचो. आई म्हणायची, कुणासंगं बोलतोस रं बबन? मी म्हणायचो, कुणासंगं न्हाई. बबन माझं नाव. तात्या माझा थोरला भाऊ, तो तवा बैलामागं जायचा, तो म्हणायचा, हे पोर शेतीच्या कामाचं न्हाई, ह्याला शाळेतच घाला.

गावच्या जत्रेत नाटक असायचं, गावातलीच माणसं करायची. एका साली त्यात एक आंधळा राजा व्हता, त्याचं काम करणारा सुतार ऐन जत्रेत तापानं झोपला, आन् त्याची वाक्यं पाठ कुणाला, तर मला, कारण मी रोज तालमीच्या कडेला जाऊन बसायचो. मला कापसाची दाढी चिकटवली, अंगावर घोंगडं टाकलं आन् दिलं पुढं ढकलून. मिसरूड फुटलं नव्हतं अजून आन् मी म्हाताऱ्याच्या आवाजात लेकाला हाका मारतोय, दिवस नुकता मावळलेला, गॅसबत्त्या फुरफुरतायत, आन् समोर सगळं गाव श्वास धरून बसलेलं. नाटक संपल्यावर मी तसाच दाढीसकट आईपुढं जाऊन उभा राहिलो, तर आईनं पदर सावरला आन् म्हणली, बसा आबा, कुठल्या गावचे तुम्ही? काय सांगू तुम्हाला, ते मला अजून झोपेत दिसतं. आई वळखत न्हाई, आन् मला त्याचं वाईट वाटत न्हाई, उलट अंगावरनं मोरपीस फिरल्यासारखं होतं, की मी ऐन माणसांत उभा हाय आन् कुणालाच दिसत न्हाई.

तिथनं जे म्हातारपण माझ्यामागं लागलं ते लागलं. मी रंगमंचावर कधी तरुण झालोच न्हाई. सासरा, आजोबा, दिवाणजी, गावचा पाटील, हेच माझ्या वाट्याला. बाकीची पोरं म्हणायची, बबन्या, तुला हिरो कधी करणार रं? आन् मी वरनं तोंड पाडायचो पण आतनं म्हणायचो, बरं झालं, नायिकेच्या डोळ्यांत बघायचं वाचलं. कारण मला ते जमलं नसतं. मला तवाच ठाऊक व्हतं. म्हणजे नाव ठाऊक नव्हतं, ते नाव लई पुढं पेपरातनं कळलं, पण एवढं कळायचं की पोरं पाणवठ्यावरच्या पोरींकडं बघून जे बोलतात ते मला आतनं बोलता येत न्हाई, आन् मला ज्याच्याकडं बघावंसं वाटतं त्याच्याकडं बघायचं नसतं. असं वाटायचं की हा आजार जगात मला एकट्यालाच झालाय, आन् तो आपल्यासंगं मसणात जाईल, कुणाला कळायचं कारण न्हाई.

शाळा संपल्यावर बिबवेवाडीत एका शेडमधी कामाला लागलो, खिडक्यांच्या जाळ्या आन् लोखंडी दारं बनवायची, वेल्डिंगचं काम. धायरीतनं सायकल काढायची, स्वारगेटला चहा मारायचा आन् बिबवेवाडी गाठायची. संध्याकाळी शहरातल्या एका नाटक ग्रुपमधी जायचो. तिथले सर लई मोठा माणूस, पण जीभ अशी की कागद कापावा. पहिल्या दिवशी मी वाक्य म्हणून दाखवलं तर चष्मा पुसत म्हणाले, आपण धायरीहून आलात हे दिसतंय, ते ऐकूही यायलाच हवं असं नाही. पण त्याच सरांनी माझ्या न चा ण केला बघा, महिनोन्‌महिने बसवून. हाय आन् न्हाई मात्र त्यांनाबी घालवता आलं न्हाई, ते रंगमंचावर जाताना मी विंगेत काढून ठेवतो आन् येताना परत घालतो, चपलेसारखं.

आन् तिथंच सुधाकर. आता कसं सांगावं. दुपारची वेळ, नाट्यगृह सगळं रिकामं, खुर्च्या मिटलेल्या, मी एकटाच माझ्या जागा बघत फिरत व्हतो. वर शिडीवर कोण तरी व्हतं, दिव्यावर रंगीत कागद लावत, नुसते पाय दिसत व्हते. वरनं आवाज आला, जरा डावीकडे सरका ना भाऊ, तुमच्या तोंडावर सकाळ पाडून रायलो मी. मी सरकलो. आन् माझ्या अंगावर हळूहळू उजेड आला, आधी निळसर, मंग जरा पिवळा, मंग असा कोवळा की मला खरंच वाटलं बाहेर कोंबडा आरवंल. मी डोळे मिटून उभा राहिलो. तो वरनं म्हणतोय, झालं, हला आता. मी काही हललो न्हाई. मंग तो शिडीवरनं खाली आला आन् म्हणला, काहून बे, झोपला का? असा सुधाकर. वर्ध्याकडचा, बाप कापूस करायचा, हा पुण्याला कारखान्यात नोकरीला आलेला आन् हौसेनं नाटकांचे दिवे करायचा. पुढं नोकरी सुटली आन् दिवेच राहिले.

आम्ही बिबवेवाडीत खोली घेतली. दोन पोरं खोली घेऊन राहतात ह्यात कुणाला काय वाटायचं नव्हतं, सगळ्या पुण्यात पोरं तशीच राहतात. मालकीणबाई खाली राहायच्या, एकदा वर आल्या, सगळीकडं नजर फिरवली, खिडकीतल्या कुंड्या, घडी घातलेले कपडे, आन् म्हणाल्या, दोन पुरुष राहतात असं वाटत नाही, इतकं स्वच्छ बरं नव्हे. बस एवढंच. त्याचा अर्थ काय हे आम्ही कितीतरी दिवस बोलत बसलो, सुधाकर म्हणायचा बाईला सगळं समजते, मी म्हणायचो काही समजत न्हाई, तिला फक्त टोमणा मारायचा हाय. ती वर्षं मला आता आठवतात तशी सलग आठवत न्हाईत, धुक्यातनं एसटी जाताना बाहेरचं दिसतं तशी दिसतात, एक झाड दिसलं, एक विहीर दिसली, मधलं गायब. दौऱ्यावरच्या बसमधी तो माझ्या शेजारी झोपलेला, पहाटेचं गार वारं, अंगावर एकच शाल, आन् सगळ्या बसला वाटतंय थंडी हाय म्हणून.

आईनं मुली दाखवायचा सपाटा लावला व्हता. मी आज दौरा हाय, उद्या प्रयोग हाय असं करत राहिलो. मंग एकदा तीच आली खोलीवर, म्हणली, बघू तरी कसा राहतोस. सुधाकरनं तिला गोळाभात करून घातला, त्यांच्याकडचा, वर फोडणीचं तेल सोडून. आईनं मुकाट्यानं खाल्ला. राहिली काही दिवस, सगळं बघितलं, कोण कुणाचं पांघरूण नीट करतं, कोण कुणाला औषधाची आठवण करतं, आईच्या नजरेतनं काय सुटतंय. जाताना मी स्वारगेटला बसमधी बसवून द्यायला गेलो. बस सुरू झाली तवा खिडकीतनं म्हणली, त्याच्या हाताला तिखट लई हाय, तू पोट सांभाळून राहा. आन् परत म्हणून मुलगी दाखवली न्हाई. मरेपर्यंत न्हाई. आता तिला काय कळलं, किती कळलं, मी काही विचारलं न्हाई आन् तिनं काही सांगितलं न्हाई.

मंग ती टीव्हीवरची मालिका आली. त्यात मी मामा. धोतर, काळी टोपी, हातात काठी, आन् काम काय तर रोज कुणाची तरी समजूत घालायची. सासू रुसली, मामा. पोरगं पळून चाललं, मामा. सारखं तेच, पण लोकांना मी असा काही आवडलो की मला स्वतःला भ्या वाटायला लागलं. रिक्षावाले पैसे घेईनात. भाजीवाली म्हणायची, मामा, माझ्या सुनेला जरा फोन लावून सांगा ना. आन् सगळ्यांचा एकच प्रश्न, पेपरवाल्यांचा, सोसायटीतल्या बायकांचा, देवळातल्या गुरवाचा, मामा, घरी कोण कोण असतं? मी म्हणायचो, एक मित्र हाय. त्यावर लोक चक् चक् करायचे, अरेरे, लग्न न्हाई केलं का? कलेसाठी आयुष्य दिलं बघा! मी हात जोडायचो. काय करणार.

तवा धायरी शहरात आलेली, पण शहराचं पाणी काही धायरीत आलं नव्हतं. नवीन सोसायट्या टँकरवर, गावठाणातल्या बाया हंडे घेऊन टँकरमागं. गावात मंगलताई म्हणून हायेत, पिठाची गिरणी चालवतात, त्या एक दिवस आठ-दहा बायांना घेऊन थेट बिबवेवाडीला माझ्या दारात. केसांना पीठ लागलेलं तसंच. म्हणल्या, टीव्हीत समद्या दुनियेची भांडणं मिटवतोस, आन् तुझ्या गावच्या नळाचं काय? तू हुबा राहा विलेक्शनला. मी म्हणलं, ताई, मी नट हाय, मला त्यातलं काय कळतंय. ती म्हणली, जे हुबे राहत्यात त्यांना कळतंय व्हय?

झालं, एका पक्षानं तिकीट दिलं, त्यांनाबी तोंडओळखीचा माणूस पाहिजेच व्हता. तात्या माझ्यासंगं घरोघर फिरला. ज्यानं मला शेतीच्या कामाचा न्हाई म्हणून शाळेत घातलं, तोच छाती काढून सांगत व्हता, माझा धाकटा भाऊ, बबन, टीव्हीत असतो. निवडून आलो. गुलालात लोक ओरडतायत मामा, मामा, आन् मी बघतोय तर तात्या मांडवाच्या खांबाला टेकून उपरण्यानं डोळे पुसतोय.

महापालिकेत मला कळलं की पाणी असं मागून येत न्हाई. तिथले एक साहेब मला हसून म्हणाले, मामा, मालिकेत एका भागात प्रश्न सुटतो, इथे नुसता विषयपत्रिकेवर यायला वर्ष जातं, आपल्याला घाई असेल तर आपण तिकडेच बरे. मी म्हणलं, बरं साहेब. आन् दुसऱ्या दिवसापासनं त्यांच्या दारापुढच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. भांडलो न्हाई, ओरडलो न्हाई. मला एकच येत व्हतं, म्हातारा होऊन बसणं. धोतर, टोपी, काठी. येणारा-जाणारा थांबायचा, अरे मामा, इथं कसे? मी सांगायचो, पाण्यासाठी बसलोय बाबा. साहेबांच्या आईचा त्यांना घरनं फोन आला म्हणे, तू मामांना बाहेर बसवलंस? लाइन मंजूर झाली. ती पडायला पुढं लई दिवस गेले, लई चपला झिजल्या, ते सगळं न्हाई सांगत बसत.

पण पाणी आलं ती सकाळ सांगतो. उजाडत व्हतं. मंगलताईंच्या दारातला नळ आधी नुसता फुसफुसला, वारं सोडलं त्यानं, मंग तांबडं गढूळ पाणी आलं, मंग पिवळट, आन् मंग काचेसारखं. बाया हंडे घेऊन उभ्या व्हत्या पण एकीनं हंडा लावला न्हाई. नुसतं बघत राहिल्या. पाणी पडतंय, वाहून चाललंय, आन् त्याच्यावर कोवळा उजेड आलाय. कुठनं तरी एक म्हातारी आली, तिनं वंजळ धरली आन् ते पाणी स्वतःच्या डोळ्याला लावलं. मला अजून वाटतं, मी आयुष्यात जे काही केलं ते सगळं एकीकडं आन् ती सकाळ एकीकडं.

मी नगरसेवक असतानाच एक बाई ऑफिसात आल्या, शाळेत शिक्षिका, सिंहगड रोडला राहायच्या, संगं दोन कॉलेजातली मुलं. बाई म्हणाल्या, माझी मुलगी वेगळी आहे मामा, तिला मुलीच आवडतात, मला हे समजून घ्यायला फार वर्षं लागली, आणि त्या वर्षांत मला एकाही माणसाशी बोलता आलं नाही. आमच्यासारख्या आई-वडिलांना महिन्यातून एका रविवारी बसायला जागा हवी आहे, आपल्या वॉर्डातला हॉल मिळेल का? ती शांतपणं बोलत व्हती आन् मला आपलं पंख्याचा आवाज ऐकू येतोय, मधीच तिचं बोलणं ऐकू येतंय, परत पंखा. म्हणलं, मिळंल. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या टेबलापलीकडं बसून ती गोष्ट मराठीत बोलत व्हतं, खाली मान न घालता.

दोन रविवार झाले आन् बोंब उठली. आमच्या पोराबाळांच्या हॉलमधी हे काय धंदे, म्हणून अर्ज आले, फ्लेक्स लागले, माझ्याच पक्षातल्या माणसानं लावले. पक्षातनं निरोप आला, मामा, पुढच्या निवडणुकीचं बघा, हॉल बंद करा. मंग ठरलं की हॉलमधीच वॉर्डाची सभा घ्यायची आन् काय तो सोक्षमोक्ष.

सभेच्या दिवशी सकाळी मी सुधाकरला म्हणलं, मला आज खरं बोलावंसं वाटतंय. तो कुंड्यांना पाणी घालत व्हता. शेवटची कुंडी होईपर्यंत घालत राहिला. मंग म्हणला, तू बोल, तुला कोण अडवून रायलं. पण माझं नाव नको घेऊ. मी जिंदगीभर दिव्याच्या मागं उभा रायलो बबन, मले समोर उभं रायता येत नाही. तिकडं माझी बहीण आहे, भाचीचं लग्न जुळून रायलं. मी म्हणलं, न्हाई घेणार. शब्द दिला.

हॉल गच्च. पहिल्या रांगेत तात्या, नवीन टोपी घालून. मंगलताई बायांत. ती शिक्षिका एका कडेला, एकटीच. एक जण उठला, चांगला ओळखीचा, त्याच्या पोरीच्या बारशाला मी गेलेलो. म्हणला, मामा, तुम्ही देवमाणूस, तुमच्याविषयी आमचं काही म्हणणं न्हाई, पण त्या लोकांचा तुम्हाला एवढा पुळका का? तुमचा काय संबंध?

मी उठलो. काय सांगू तुम्हाला, इतकी वर्षं तोंडाला रंग लावून उभा राहिलो, आन् त्या दिवशी रंग नव्हता, दाढी नव्हती, दुसऱ्याची वाक्यं नव्हती. मी म्हणलं, संबंध हाय. मी त्यांच्यातलाच हाय. लहानपणापासनं हाय. तुम्ही मला सारखं विचारता मामा घरी कोण कोण असतं, आन् मी सांगतो एक मित्र असतो. तो नुसता मित्र न्हाई. जसं तुमच्या घरात तुमची मंडळी, तसं माझ्या घरात ते माणूस हाय. ह्यापरीस जास्त मला सांगता यायचं न्हाई. हॉलचं तुम्ही ठरवा.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी भंगार-पेपर ओरडत चाललंय ते ऐकू आलं. मंग मागनं कोण तरी कुचकट आवाजात म्हणलं, अहो मामा, एवढं सांगितलंत तर कोण ते नावबी सांगा की, लाजता काय. पोरं हसली. मी सुधाकरला शब्द दिलेला. हसणं वाढत चाललं. तेवढ्यात पार मागं, जिथं माईकचं मशीन ठेवलेलं, तिथनं एक हात वर झाला. आन् तो म्हणला, मी होय तो.

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. सुधाकर उभा. मला न सांगता आलेला, मागच्या दारानं. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. परत म्हणला, मी. सुधाकर. वर्ध्याचा. आन् खाली बसला. बस, एवढंच बोलला, पण मला ते इतकं लांबनं ऐकू आलं, पाण्याखालनं कुणी हाक मारावी तसं, आन् मला वाटलं आता मी जागा होणार आन् हे काही झालेलंच नसणार.

तात्या उठला. माझ्याकडं बघितलं न्हाई. टोपी काढून हातात घेतली आन् सगळ्यांच्या मधनं चालत बाहेर गेला. त्याच्यामागं आणखी दहा-पंधरा जण गेले. मंग मंगलताई उठल्या, पदर खोचला आन् म्हणल्या, बरं, आता हॉलचं काय ते लवकर बोला, मी गिरणीत दळण ठिवून आलेय. रविवारचा हॉल तसाबी रिकामाच असतोय. त्यो मानूस मामाच्या घरात राहतोय, तुमच्या घरात राहायला येत न्हाई. कुणाला हसू आलं, पण ते हसू निराळं व्हतं. हॉल राहिला. आजबी तिथं आई-बाप बसतात.

तिकीट मात्र गेलं. अपक्ष उभा राहिलो आन् पडलो, सपशेल. मालिकेत मामाला गावाला पाठवलं, आठवड्याभरासाठी म्हणून, आन् तो काही परत आला न्हाई. एकदा सुधाकर टीव्ही बघता बघता म्हणला, तुले कुठं ठेवलं रे यायनं, एक हार घातलेला फोटो तं लावाचा भिंतीवर! आम्ही दोघंबी हसत सुटलो. भाचीचं लग्न त्याच्यामाघारी झालं, त्याला पत्रिका आली न्हाई. त्या दिवशी त्यानं सकाळपासनं सगळे जुने दिवे पुसले, एकेक काच काढून. मी पण फडकं घेऊन शेजारी बसलो.

पण मालिकेतनं काढलेला मामा घरोघरी अजून व्हताच की. ती शिक्षिका मला म्हणाली, मामा, आमच्यासाठी लोक दार उघडत नाहीत, तुमच्यासाठी उघडतील. आन् खरंच उघडायचे. ज्या घरात पोरानं सांगितलंय आन् घरानं अबोला धरलाय, तिथं जायचं. शिव्या द्यायच्या आधी बाई चहा टाकायची, कारण मामा घरी आलेत. तिथं मी काही शिकवत न्हाई. आपलं सांगतो, असा असा जगलो, एकानं गोळाभात केला, आई जेवली. एक गृहस्थ बँकेतनं निवृत्त झालेले, त्यांचा मुलगा आयटीत, बाप त्याच्याशी दोन वर्षं बोलला नव्हता. सगळं ऐकून घेतलं आन् म्हणाले, तुम्ही मालिकेत माझ्या बायकोला रडवायचात ते पुरेसं नव्हतं का? आता मला रडवायला घरी आलात! आन् उठून आत गेले आन् मुलाला फोन लावला. सगळीकडं असं होत न्हाई. एका घरातनं मला हाताला धरून बाहेर काढलंय. आमच्यासारख्यांना गुन्हेगार ठरवणारं ते कलम कोर्टानं काढून टाकलं त्या दिवशी आमच्यातल्या पोरापोरींनी शहरात रंगीत झेंडे घेऊन मिरवणूक काढली, मला धोतर-टोपीत पुढं चालवलं, आन् फुटपाथवरच्या बाया ओरडतायत, अगं मामा, ते बघ मामा! त्यांना कशाची मिरवणूक ठाऊक नव्हतं, पण हात हलवत व्हत्या. मी पण हलवत व्हतो. चालतोय का तरंगतोय ते कळत नव्हतं.

आता आम्ही धायरीलाच राहतो. तात्यानं जमीन बिल्डरला दिली तवा माझ्या वाट्याचा फ्लॅट वेगळा काढून ठेवला, बोलला न्हाई, वहिनीनं किल्ली आणून दिली. तो खालच्या मजल्यावर, आम्ही वर. जिन्यात भेटलो की मान हलवायचा. सुधाकरचं नाव तोंडातनं कधी काढलं न्हाई, अगदीच वेळ आली तर वहिनीला म्हणायचा, ते वरचं. मधी तात्याला चक्कर आली, डॉक्टरनं सांगितलं रोज चालायचं पण एकट्यानं न्हाई. माझे गुडघे गेलेले. सुधाकर रोज सकाळी फाट्यापर्यंत जातो. वहिनीनंच दोघांना एकत्र धाडलं. पहिले कितीतरी दिवस तात्या पुढं आन् हा मागं. मंग एकदा मी बघितलं तर शेजारी शेजारी चाललेत, आन् काय बोलतात ठाऊक हाय? एक कापसाचं सांगतोय आन् एक कांद्याचं. शेवटी दोघं शेतकऱ्याचीच पोरं.

गेल्या आठवड्यात सुधाकरला उठायला उशीर झाला. आन् खालनं तात्याचा आवाज, सगळ्या जिन्यात घुमला, अहो सुधाकरराव, चला की, ऊन व्हतंय! हा चपला शोधत व्हता, म्हणला, आलोच तात्या, आन् गेला की निघून, जशी काय रोजचीच हाक. मी मात्र खिडकीत जाऊन दोघं दिसेनासे होईपर्यंत बघत राहिलो.

तर असं हाय. माझं काही मागणं राहिलं न्हाई. गेलं त्यातलं बरंच गेलं, पण जे राहिलं ते पुरून उरलं. तुम्ही लिहिताय ते नीट लिहा, सुधाकरचं नाव घाला, तो आता न्हाई म्हणत न्हाई, मी विचारलंय. आन् तुम्ही पण सुखात राहा बाबा, ज्याच्यासंगं जीव रमतो त्याच्यासंगं राहा, चार माणसांत त्याचं नाव घेता येऊ द्या. बसा, उठू नका एवढ्यात, चहा ठेवतो. येतीलच ते दोघं आता.